उत्तरपत्र आणि प्रतिमा : ऑपरेटिंग सिस्टीमच्या स्वयंचलित स्थापनेची एक चिकित्सा

१

संगणकात ऑपरेटिंग सिस्टीम बसविणे हे काम सामान्यतः तंत्रज्ञाच्या हातचे, आणि म्हणूनच चिकित्सेच्या कक्षेबाहेरचे मानले जाते. ग्रंथाची चिकित्सा होते, नाटकाची होते, फार तर एखाद्या कायद्याच्या मसुद्याचीही होते. परंतु वीस किंवा पन्नास सारख्या संगणकांवर एकच प्रणाली आपोआप बसविणारी जी छोटी आज्ञापत्रे असतात, त्यांच्याकडे ‘लेखन’ म्हणून पाहण्याची प्रथा नाही. वास्तविक अशा आज्ञापत्रात कोणीतरी काही निर्णय घेतलेले असतात, ते अक्षरांत मांडलेले असतात, आणि ज्यांनी ते पत्र कधी पाहिलेही नाही अशा शेकडो माणसांना त्यांचे परिणाम भोगावे लागतात. ज्या लेखनाचे परिणाम इतक्या दूरवर पोचतात त्याची परीक्षा होणे अगत्याचे आहे. ती परीक्षा कोणत्या कसोटीवर करावी आणि तिच्यातून काय निष्पन्न होते, हे येथे पाहावयाचे आहे.

विवेचन अमूर्त राहू नये म्हणून एक स्थळ डोळ्यांसमोर ठेवणे इष्ट होईल. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे २०२३ पूर्वीचे औरंगाबाद, या शहरातील गारखेडा हा परिसर नावाने खेडे असला तरी आज तो सूतगिरणी चौक, विभागीय क्रीडा संकुल आणि त्यांच्या भोवतीच्या वसाहती मिळून झालेला गजबजलेला नागरी भाग आहे. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ म्हणजे एमकेसीएल ही संस्था स्थापन झाली आणि एम.एस.-सी.आय.टी. हा अभ्यासक्रम सुरू झाला. शासकीय नोकरीसाठी त्याचे प्रमाणपत्र उपयोगी ठरू लागल्यावर महाराष्ट्रातील शहरोशहरीच्या अशा निवासी भागांतून संगणकवर्ग उभे राहिले; गारखेडा त्याला अपवाद नव्हता. एक खोली, तीत ओळीने मांडलेले सारख्या बनावटीचे पंधरा-वीस संगणक, आणि ते सर्व चालू ठेवण्याची जबाबदारी असलेला एक तरुण शिक्षक, हे अशा वर्गाचे सर्वसाधारण रूप. मराठवाड्यातील किती तरी मुलामुलींनी संगणक प्रथम पाहिला तो अशाच एखाद्या खोलीत.

या खोलीची स्वतःची भाषा आहे. ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने बसविण्याला तेथे ‘फॉरमॅट मारणे’ किंवा ‘विंडोज टाकणे’ म्हणतात, आणि एका संगणकावरची जशीच्या तशी प्रत दुसऱ्यावर उतरविण्याला ‘घोस्ट मारणे’. ही क्रियापदे हेटाळणीने पाहण्यासारखी नाहीत. ‘टाकणे’ आणि ‘घोस्ट मारणे’ या दोन शब्दप्रयोगांत प्रस्तुत विषयाचे दोन मुख्य पंथ अचूक वेगळे झालेले आहेत. पहिल्यात प्रणाली प्रत्येक यंत्रावर नव्याने घडविली जाते. दुसऱ्यात घडलेल्या प्रणालीची नक्कल केली जाते.

२

प्रणाली बसविताना स्थापनेचा कार्यक्रम माणसाला काही प्रश्न विचारतो. भाषा कोणती, कळफलक कोणता, वेळेचा पट्टा कोणता, डिस्कचे भाग कसे पाडावयाचे, मुख्य वापरकर्त्याचे नाव आणि परवलीचा शब्द काय, कोणते कार्यक्रम हवेत. एका संगणकासाठी ही प्रश्नोत्तरे त्रासदायक नसतात. वीस संगणकांसाठी तीच उत्तरे वीसदा द्यावी लागतात, आणि माणूस वीसदा तेच उत्तर देईल याची शाश्वती नसते. सातव्या यंत्रावर डिस्कचा भाग वेगळ्या आकाराचा होतो, बाराव्यावर वेळ चुकते. स्वयंचलित स्थापनेची गरज केवळ श्रम वाचविण्यासाठी निर्माण झाली असे समजणे म्हणूनच अपुरे आहे. एकसारखेपणाची हमी हे तिचे तितकेच महत्त्वाचे कारण आहे.

या गरजेला दोन दिशांनी उत्तर मिळाले. पहिले उत्तर प्रतिमेचे. एक संगणक हाताने नीट सजवावयाचा, त्याच्या डिस्कची हुबेहूब प्रत म्हणजे ‘इमेज’ घ्यावयाची, आणि ती बाकीच्या यंत्रांवर उतरवावयाची. न्यूझीलंडमध्ये तयार झालेला आणि १९९८ मध्ये सिमँटेक कंपनीने विकत घेतलेला ‘घोस्ट’ हा कार्यक्रम या पद्धतीत इतका रुळला की त्याचे नाव क्रियापदात गेले. पुढे तैवानच्या राष्ट्रीय उच्चक्षमता संगणन केंद्रातून निघालेल्या ‘क्लोनझिला’ने हेच काम विनामूल्य उपलब्ध करून दिले, आणि जाळ्यावरून एकाच वेळी अनेक यंत्रांना प्रत पाठविण्याची सोयही दिली.

दुसरे उत्तर लेखी आहे. स्थापनेच्या कार्यक्रमाला जे प्रश्न पडणार त्यांची उत्तरे अगोदरच एका साध्या मजकुरात लिहून ठेवावयाची. कार्यक्रम ती वाचतो आणि माणसाला काही विचारीत नाही. सन कंपनीच्या सोलॅरिसमध्ये यास ‘जंपस्टार्ट’ म्हणत, रेड हॅटच्या लिनक्समध्ये ‘किकस्टार्ट’ म्हणतात, डेबियनमध्ये २००५ च्या ‘सार्ज’ आवृत्तीपासून ‘प्रीसीड’ आहे, आणि विंडोजमध्ये त्यास ‘आन्सर फाइल’ असे सरळ नाव आहे. या शेवटच्या नावावरून या लेखनप्रकाराला मराठीत ‘उत्तरपत्र’ म्हणावयास हरकत नसावी. यंत्राने हे पत्र कसे मिळवावयाचे याचीही व्यवस्था ठरून गेली आहे. यंत्र चालू झाले की ते जाळ्यावर आपला पत्ता मागते, पत्त्याबरोबर आरंभीचा छोटा कार्यक्रम कोठून घ्यावा हे त्यास कळते, तो कार्यक्रम स्थापनेस आरंभ करतो, आणि मग उत्तरपत्र आणले जाते. या क्रमाची मुळे १९८० च्या दशकातील टीएफटीपी आणि बूटपी या संकेतांत आहेत. इंटेलच्या पुढाकाराने १९९९ मध्ये आलेल्या पीएक्सई मानकाच्या आवृत्तीने तो बाजारातल्या साध्या संगणकांपर्यंत पोचविला.

३

प्रतिमेच्या पद्धतीचे गुण प्रथम सांगितले पाहिजेत. ती जलद आहे. तिला विशेष ज्ञान लागत नाही. जे तपासून पाहिले तेच सर्वत्र उतरते. जाळे मंद असेल, वीज केव्हा जाईल याचा नेम नसेल, आणि सोमवारी सकाळी वर्ग भरावयाचा असेल, तेव्हा ज्या शिक्षकाने रविवारी ‘घोस्ट मारले’ त्याला नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

परंतु प्रत करण्याच्या शास्त्राला एक जुना धडा ठाऊक आहे: नक्कल जितकी निष्ठावंत तितकी मूळ प्रतीतील चूक सुरक्षित. हाताने लिहिणारा लेखनिक निदान अधूनमधून शंका घेतो. डिस्कची प्रतिमा शंका घेत नाही. मूळ यंत्रावर जे नव्हते ते कोणत्याही प्रतीवर असणार नाही. आडातच नाही ते पोहऱ्यात येणार कोठून, ही म्हण येथे शब्दशः लागू पडते.

दुसरा दोष ओळखीचा आहे. प्रत्येक संगणकाला काही गोष्टी केवळ त्याच्याच असाव्या लागतात. विंडोजमध्ये प्रत्येक यंत्राला सुरक्षाविषयक ओळखक्रमांक असतो. लिनक्समध्ये दूरस्थ प्रवेशाच्या ‘एसएसएच’ सेवेची किल्ली आणि यंत्राचा ओळखक्रमांक असतो. आंधळी नक्कल केली की वीस यंत्रे एकच ओळख सांगू लागतात. या बाबतीत भीती आणि वस्तुस्थिती यांत अंतर आहे, हेही नमूद केले पाहिजे. विंडोजच्या ओळखक्रमांकाची पुनरुक्ती फार धोक्याची, असा समज वर्षानुवर्षे होता. २००९ मध्ये मार्क रुसिनोविच यांनी तो समज बव्हंशी निराधार असल्याचे दाखवून, हा क्रमांक बदलणारे स्वतःचेच साधन मागे घेतले. तथापि प्रतिमा घेण्यापूर्वी ‘सिसप्रेप’ने यंत्राची खासगी ओळख पुसावी हा मायक्रोसॉफ्टचा नियम कायम राहिला. लिनक्सच्या बाबतीत मात्र धोका खरा आहे. वीस यंत्रांची एसएसएच किल्ली एकच असेल तर एका यंत्रावर ती हाती लागलेला माणूस उरलेल्या एकोणीस यंत्रांचे सोंग घेऊ शकतो. आणि यंत्रक्रमांक एकच असेल तर काही मांडण्यांत दोन यंत्रे जाळ्याकडून एकच पत्ता घेऊन बसतात.

तथापि चिकित्सेच्या दृष्टीने प्रतिमेचा सर्वांत मोठा दोष याहून वेगळा आहे. प्रतिमा वाचता येत नाही. कित्येक गिगाबाइटांच्या त्या प्रतीत कोणते निर्णय जाणूनबुजून घेतले, कोणते विसरले गेले, आणि कोणते कारखान्यातून आले तसेच राहिले, हे ओळखण्यास बाहेरच्या माणसाजवळ साधन नसते. ती घडविणारा शिक्षक वर्ग सोडून गेला की त्याच्याबरोबर तिची कारणेही जातात. उरते ती केवळ परंपरा: ‘हीच इमेज टाकायची, का ते विचारू नका.’

४

हस्तलिखितांच्या अभ्यासकांना ही अवस्था अपरिचित नाही, आणि या जिल्ह्यात तर तिचे थोर उदाहरण आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये सिद्ध झाली. पुढील सुमारे तीनशे वर्षांत तिच्या प्रती होत गेल्या, पाठ बिघडत गेले, आणि पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ म्हणजे १५८४ साली प्रती पडताळून शुद्ध पाठ सिद्ध केला. त्या कार्याचे मोल दोन गोष्टींत आहे. त्यांनी एक प्रत निवडून तीच पुढे चालविली असे झाले नाही. पाठांची तुलना करून निर्णय घेतले. आणि काम झाल्यावर आपण काय केले ते ग्रंथाच्या शेवटी नोंदविले, पुढच्यांनी त्यात भर घालू नये असेही बजावले. विसाव्या शतकात पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे जे काम १९१९ मध्ये आरंभून १९६६ मध्ये पुरे केले, त्यातही स्वीकारलेला पाठ वर आणि नाकारलेले पाठभेद खाली, अशी मांडणी आहे. निर्णय आणि त्याचा पुरावा एकाच पानावर असावा, हे तिचे तत्त्व.

उत्तरपत्राची परीक्षा याच तत्त्वाने केली पाहिजे. प्रतिमा ही नुसती प्रत आहे. उत्तरपत्रात संपादनाची शक्यता आहे. किकस्टार्टचे पत्र उघडले की भाषा, कळफलक, वेळ, डिस्कची विभागणी आणि कार्यक्रमांची यादी एकाखाली एक दिसते. ज्याला संगणकाचे जुजबी ज्ञान आहे तो ते वाचू शकतो आणि एखाद्या ओळीवर बोट ठेवून ‘हे असे का?’ असे विचारू शकतो. रेड हॅटच्या स्थापनाकार्यक्रमाची एक सवय येथे उल्लेखनीय आहे. माणसाने हाताने उत्तरे देऊन प्रणाली बसविली, तरीही शेवटी त्या सर्व उत्तरांचे किकस्टार्टच्या रूपातील पत्र यंत्रावर आपोआप लिहून ठेवले जाते. जुन्या पोथीच्या अखेरीस लेखनिक आपले नाव, गाव आणि तिथी सांगणारी पुष्पिका लिहीत असे, तिच्याशी या पत्राचे कार्य जुळते.

उत्तरपत्राच्या परंपरेत सर्वांत प्रगल्भ म्हणावी अशी रचना विद्यापीठातूनच निघाली, ही गोष्टही ध्यानात घेण्यासारखी आहे. जर्मनीतील कोलोन विद्यापीठात टोमास लांगे यांनी १९९९ मध्ये ‘एफएआय’ म्हणजे ‘पूर्ण स्वयंचलित स्थापना’ ही प्रणाली सुरू केली. तिची मध्यवर्ती कल्पना वर्गांची आहे. प्रत्येक यंत्र एक किंवा अनेक वर्गांत मोडते. काही आज्ञा सर्वांसाठी, काही केवळ विद्यार्थ्यांच्या यंत्रांसाठी, काही केवळ सेवकयंत्रांसाठी. त्यामुळे समान काय आणि भिन्न काय हे पत्राच्या रचनेतच उघड होते. प्रतिमेच्या पद्धतीत दोन प्रकारची यंत्रे आली की दोन प्रतिमा होतात, आणि त्यांत नेमका फरक काय हे काही महिन्यांनी कोणालाही सांगता येत नाही.

मात्र उत्तरपत्राचे दोष झाकून ठेवणे योग्य नव्हे. एक तर त्याची अचूकता ही अंशतः भास असते. पत्रात कार्यक्रमाचे नाव असते, पण कार्यक्रम स्वतः दूरच्या भांडारातून येतो. तेच पत्र जूनमध्ये चालविले आणि डिसेंबरमध्ये चालविले तर घडणारी यंत्रे एकसारखी नसतात, कारण दरम्यान भांडारातील आवृत्त्या बदललेल्या असतात. ज्यास पूर्ण पुनरावृत्ती हवी त्याने भांडाराची ठराविक तारखेची प्रत जवळ ठेवावी लागते. दुसरे असे की, हे पत्र वाचता येते हा त्याचा गुण परवलीच्या शब्दाबाबत दोष ठरतो. विंडोजच्या उत्तरपत्रातील परवलीचा शब्द उघडा, किंवा फार तर सहज उलगडणाऱ्या संकेतात लिहिलेला असतो, आणि स्थापनेनंतर त्या पत्राची प्रत यंत्रावरच्या ‘पँथर’ नावाच्या कप्प्यात मागे राहू शकते. तिसरे, पत्र लिहावयास लागणारा अभ्यास प्रत्येक वर्गाजवळ नसतो. एक स्वल्पविराम चुकला तर संपूर्ण स्थापना अर्ध्यावर थांबते, आणि ती का थांबली हे सांगणारा संदेश बहुधा इंग्रजीत आणि त्रोटक असतो.

शिवाय दोन पंथांतील सीमारेषा आता पूर्वीइतकी स्पष्ट राहिलेली नाही. विंडोज व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने आपली मूळ स्थापनाच प्रतिमेवर आधारली. तबकडीवर एक तयार प्रतिमा असते, ती डिस्कवर उतरते, आणि उत्तरपत्र तिला त्या यंत्रापुरते रूप देते. तेव्हा ‘प्रतिमा की उत्तरपत्र’ हा वाद या जुन्या रूपात निकालात निघाला आहे. निर्णय कोठे आहेत आणि ते वाचता येतात काय, हा प्रश्न मात्र तसाच उभा आहे.

५

या प्रश्नाचे गांभीर्य एका ओळीच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. एम.एस.-सी.आय.टी. सुरू झाली त्याच २००१ साली विंडोज एक्सपी बाजारात आली, आणि पुढील दशकभर संगणकवर्गांतून तिचाच मोठा वावर होता. मराठी तिला ठाऊक होती. देवनागरीसाठी ‘मंगल’ हा फाँट, मराठीचा कळफलक, अक्षरे जोडून दाखविणारी यंत्रणा, सर्व काही तबकडीवर होते. परंतु इंग्रजी आवृत्ती बसविताना हा भाग आपोआप बसत नसे. भारतीय लिप्यांसाठी प्रादेशिक मांडणीच्या खिडकीत जाऊन एका चौकोनात खूण करावी लागे, आणि तसे केले की यंत्र मूळ सीडी मागत असे.

हीच खूण उत्तरपत्रात एका ओळीने करता येत होती. ‘रीजनल सेटिंग्ज’ या विभागात ‘लँग्वेज ग्रुप’ या शब्दापुढे भाषासमूहाचा क्रमांक लिहावयाचा. भारतीय लिप्यांचा क्रमांक होता १५. ही ओळ असेल तर खोलीतील प्रत्येक यंत्र पहिल्या दिवसापासून मराठी दाखवू शके आणि लिहू शके. ती नसेल तर युनिकोडमधील मराठी मजकुराच्या जागी रिकामे चौकोन दिसत. किंवा एखादा फाँट मागाहून बसविलेला असल्यास ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसे आणि जोडाक्षरांचे पाय मोडून पडत.

आता एक खोली कल्पावी. शिक्षकाने पहिला संगणक घाईने सजविला आणि ती खूण राहून गेली. त्या यंत्राची प्रतिमा घेतली गेली आणि एकोणीस यंत्रांवर उतरली. वर्षातून दोनदा ‘फॉरमॅट मारण्या’ची वेळ आली, तेव्हा प्रत्येक वेळी तीच प्रतिमा उतरली. त्या खोलीत येणाऱ्या तुकडीमागून तुकडीला जे दिसले ते असे की संगणक इंग्रजी जाणतो, मराठी जाणत नाही, आणि मराठी हवी असेल तर वेगळा फाँट आणावा लागतो. असे फाँट होतेही, आणि छपाईच्या व्यवसायात त्यांनी मोठी कामगिरी केली; परंतु त्यांतील अनेकांत मराठी मजकूर प्रत्यक्षात रोमन अक्षरांच्या क्रमांकांखाली साठविला जाई. तोच फाँट नसलेल्या यंत्रावर तो निरर्थक दिसे आणि त्यात मराठी शब्द शोधताही येत नसे.

येथे कोणीही मराठीच्या विरुद्ध निर्णय घेतलेला नाही. निर्णय घेतलाच गेला नाही, आणि न घेतलेला निर्णय नकलेच्या निष्ठेने शेकडो मुलांपर्यंत पोचला. स्वयंचलन प्रश्न नाहीसे करते असे सांगितले जाते. वास्तविक ते प्रश्न एका माणसाकडे, एका वेळेपुरते नेऊन ठेवते. त्या वेळी त्या माणसाने जे गाळले ते पुढे कोणालाही विचारले जात नाही. डेबियनच्या स्थापनेत किंवा अलीकडच्या विंडोजच्या स्थापनेत यंत्र सुरुवातीसच जे विचारते ते भाषेविषयी असते, ही गोष्ट या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. स्वयंचलित स्थापनेत पहिल्याने मुका होतो तो हाच प्रश्न.

नंतरच्या प्रणालींत देवनागरी दाखविण्याची अडचण राहिलेली नाही. तरीही भाषेच्या ओळी निरर्थक झालेल्या नाहीत. आजच्या विंडोजच्या उत्तरपत्रात कळफलक, प्रणालीचा प्रदेश, दर्शनी भाषा आणि वापरकर्त्याचा प्रदेश अशा वेगवेगळ्या ओळी असतात. कळफलकाच्या ओळीत मराठीचा क्रमांक नसेल तर विद्यार्थ्याला इन्स्क्रिप्ट समोर दिसतच नाही. लिनक्समध्ये भाषेची निवड ‘मराठी-भारत’ अशी एका ओळीत करता येते. डेबियनच्या स्थापनाकार्यक्रमाचे मराठी भाषांतर तर २००९ च्या ‘लेनी’ आवृत्तीपासून आहे. या निवडीवर वर्णानुक्रम अवलंबून असतो. मराठीत ळ, क्ष आणि ज्ञ हे वर्णमालेच्या अखेरीस येतात, हे यंत्राला त्यावरून कळावयाचे असते. ज्या फाँटांत तशी सोय आहे त्यांत ‘ल’ आणि ‘श’ यांचे मराठी वळण दिसावे की हिंदी, हेही भाषेच्या या खुणेवरूनच ठरते. लहानसहान वाटणाऱ्या या गोष्टी विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर रोज असतात.

६

या भूमिकेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, विद्यार्थी नोकरीसाठी संगणक शिकतो, कार्यालयांतून इंग्रजी पडदाच असतो, म्हणून इंग्रजी प्रतिमा हाच व्यवहार्य मार्ग होय. या आक्षेपात तथ्य आहे, पण ते दर्शनी भाषेपुरते. मराठी मजकूर नीट दिसणे आणि मराठी कळफलक हाताशी असणे यांमुळे इंग्रजीचे काहीही कमी होत नाही. शिवाय महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांचा व्यवहार मराठीत चालतो. त्याच नोकरीसाठी मुलाला तयार करणारा वर्ग मराठी कळफलकाविना असावा, हे व्यवहाराच्या दृष्टीनेही विसंगत आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लहान वर्गाजवळ उत्तरपत्र लिहिणारा माणूस नसतो. त्याच्यावर हा भार टाकणे म्हणजे विद्यापीठाच्या सोयीने गल्लीतील वर्गाची परीक्षा करणे होय. हे खरे आहे, आणि म्हणूनच हे काम प्रत्येकाने स्वतंत्रपणे करावे अशी अपेक्षा चुकीची ठरेल. केरळात आयटी ॲट स्कूल या शासकीय प्रकल्पाने शाळांसाठी मुक्त प्रणालीची स्वतंत्र आवृत्ती सिद्ध केली आणि मल्याळमची सोय तिच्यात आरंभापासून ठेवली. प्रत्येक शाळेला ते शोधत बसावे लागले नाही. भारतात सी-डॅकची डेबियनवर आधारलेली ‘बॉस’ ही प्रणाली २००७ पासून भारतीय भाषांची सोय देत आली आहे. मराठवाड्यात हे काम उचलण्यास योग्य जागा म्हणजे विद्यापीठाचे विभाग. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या येथील विद्यापीठात भाषेचे विभागही आहेत आणि संगणकशास्त्राचाही आहे. उत्तरपत्राचा एक चांगला नमुना सिद्ध करण्यास या दोहोंचे ज्ञान लागते, कारण त्यातील काही ओळी यंत्राच्या आहेत आणि काही भाषेच्या.

७

वरील विवेचनावरून उत्तरपत्राच्या चिकित्सेच्या तीन कसोट्या निघतात. पहिली, कोणतीही प्रतिमा तिच्या उत्तरपत्राशिवाय ग्राह्य धरू नये. वेगासाठी प्रतिमा खुशाल वापरावी, परंतु ती हाताने सजविलेल्या यंत्राची नसावी. लेखी पत्रावरून घडविलेल्या यंत्राची असावी, म्हणजे प्रतीच्या मागे तिचा पाठ राहील. दुसरी, भाषा, कळफलक आणि प्रदेश यांच्या ओळी नेहमी स्पष्ट लिहाव्या. इंग्रजीच ठेवावयाची असेल तर तीही लिहून ठेवावी. गाळलेली ओळ आणि विचारपूर्वक इंग्रजी निवडणारी ओळ यंत्राला सारखीच असली, तरी वाचणाऱ्याला ती सारखी नाही. तिसरी, पत्राला पुष्पिका असावी. या सर्व लेखनप्रकारांत यंत्र दुर्लक्ष करील अशा टीपा लिहिण्याची सोय आहे. पत्र कोणी लिहिले, केव्हा लिहिले, कोणत्या यंत्रांसाठी लिहिले, आणि अमुक ओळ का आहे, हे तेथे मराठीत लिहिण्यास कोणतीही तांत्रिक आडकाठी नाही. परवलीचा शब्द तेवढा त्या पत्रात उघडा ठेवू नये.

या कसोट्या आज विशेष निकडीच्या आहेत. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अकराव्या आवृत्तीच्या अटींत न बसणारे अनेक जुने संगणक अद्याप चालते आहेत, आणि त्यांच्या मालकांपुढे नवी यंत्रे घेणे किंवा जुन्यांवर लिनक्स टाकणे असे पर्याय आहेत. कोणताही पर्याय घेतला तरी खोलीतील सर्व यंत्रे पुन्हा एकदा पुसली जातील आणि पुन्हा एकदा भरली जातील. गारखेड्यातील एखाद्या वर्गात पहिल्या यंत्रापुढे बसलेला शिक्षक त्या दिवशी जी उत्तरे देईल, तीच उत्तरे पुढची काही वर्षे त्या खोलीत येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या वाट्याला येतील. ती उत्तरे कागदावर असावीत, दुसऱ्यास वाचता यावीत, आणि त्यांत भाषेची ओळ रिकामी नसावी, एवढीच या चिकित्सेची मागणी आहे.